आत्याची फियाट : कामाच्या नोंदी

१४ जानेवारी २०२४, रविवार

पत्र्याच्या शेडमधून गाडी बाहेर काढली. अकरा वर्षं एका जागी उभी होती. चारही टायर बसलेले, आणि मागचं डावं चाक ब्रेकच्या ड्रमला इतकं धरलेलं की ते फिरलंच नाही, घासत आलं. प्रीमियर पद्मिनी, १९७८ची. १०८९ सीसी, चार सिलिंडर, गिअर स्टिअरिंगखाली. कुर्ल्याच्या कारखान्यातली. १९७४पासून या गाडीचं नाव पद्मिनी झालं, पण आत्या आजही फियाटच म्हणते. तिच्या पिढीत दुसरं नाव घेणारं कुणी मला भेटलेलं नाही.

आत्याने किल्लीबरोबर तीन वह्या दिल्या, दोऱ्याने एकत्र बांधलेल्या. ग्रंथालयांच्या तपासणीसाठी ती एकटी जिल्हाभर गाडी चालवायची. किती किलोमीटर झाले, किती पेट्रोल घातलं, काय बिघडलं, ते कसं सुटलं, हे सगळं त्याच रात्री लिहून काढायची. शेवटची नोंद डिसेंबर २०१२ची आहे. या कामाच्या नोंदी मीही तशाच ठेवणार आहे. या गाड्यांचं शहाणपण माणसांच्या हातात आणि कानांत आहे, आणि ती माणसं आता सत्तरीपुढची आहेत.

आज फक्त एकच काम केलं. चारही प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन-दोन चमचे इंजिन ऑइल सोडलं. इतकी वर्षं उभ्या असलेल्या इंजिनाला बॅटरी लावून लगेच सेल्फ मारायचा मोह होतो. तो टाळावा. पिस्टनच्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीला चिकटलेल्या असतील तर त्या एका झटक्यात तुटतात.

२१ जानेवारी

आठवडाभर ऑइल मुरू दिलं. प्लग काढलेलेच ठेवून गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकली (मागचं चाक आदल्या दिवशी ड्रमवर लाकडी हातोडीने ठोकून सोडवलं होतं) आणि दोघींनी मिळून हळूच पुढे ढकलली. आधी काहीच नाही. मग जरा हिसका बसला आणि पंखा वीतभर फिरला. आत्या पंख्याकडेच बघत होती. "फिरलं," एवढंच म्हणाली आणि खुर्चीवर जाऊन बसली. तिचे हात थरथरत होते.

इंजिन मोकळं आहे. यापुढचं सगळं करता येण्याजोगं आहे.

२८ जानेवारी, रविवार

मिस्त्री आले. वय एक्क्याऐंशी. आत्याच्या वह्यांमध्ये त्यांच्या कामाच्या चाळीसएक नोंदी आहेत. दिसतं कमी, पण बोटांना सगळं कळतं.

टाकीतलं जुनं पेट्रोल काढलं. त्याला पेट्रोलचा वास उरला नव्हता, जुन्या वॉर्निशसारखा आंबूस दर्प होता. टाकी उतरवून आत मूठभर छोटे नट आणि थोडं डिझेल घालून हलवली. तांबूस गाळ निघाला. तीनदा केलं तेव्हा स्वच्छ डिझेल बाहेर आलं. टाकीच्या तळाशी जुन्या झाळकामाचा मोठा ठिपका आहे. वहीत सापडलं : १९८१, दगड लागून टाकी गळली, झाळून घेतली.

मग पेट्रोल आणि हवा मिसळणारा सोलेक्स कार्ब्युरेटर उघडला. वाटीच्या तळाशी पिवळट राळ जमलेली, मेन जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोक, पूर्ण बुजलेला. मी तार शोधायला लागले तर मिस्त्रींनी मनगट धरलं. "ताई, जेटात तार घालायची नाही. भोक केसभर मोठं झालं तरी गाडी आयुष्यभर पेट्रोल पिते." जेट रात्रभर थिनरमध्ये ठेवायचा आणि हवेने फुंकायचा. त्यांच्या उस्तादाने त्यांना हे चौदाव्या वर्षी शिकवलं, तेही एक थोबाडीत देऊन. मला त्यांनी नुसतं मनगट धरून शिकवलं.

रबरी पाइप सगळे नवीन घातले आणि टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या पंपाचा पडदाही बदलला. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि जुन्या रबराला ते सोसत नाही. रबर मऊ पडतं, आतून सोलतं, आणि त्याचे तुकडे थेट कार्ब्युरेटरमधल्या फ्लोटच्या सुईत जाऊन बसतात. जुनी गाडी चालू करणाऱ्या प्रत्येकाने इंजिनाला हात लावण्याआधी हे काम उरकावं. यात आगीचाही धोका आहे.

११ फेब्रुवारी, रविवार

ब्रेक. चारही चाकांना ड्रम, आणि ऑइलची लाइन एकच. कुठेही एका ठिकाणी गळती झाली की चारही चाकांचा ब्रेक जातो. म्हणून यात काटकसर नाही.

चारपैकी तीन व्हील सिलिंडर जाम. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि गाडी उभी राहिली की ते पाणी आतून पिस्टनला गंज चढवतं. म्हणूनच फार चाललेल्या गाडीपेक्षा उभ्या गाडीचे ब्रेक जास्त खराब निघतात. दोन सिलिंडर घासून वाचले, एक बदलावा लागला. तो रविवारी जमणाऱ्या आमच्या जुन्या गाडीवाल्या मंडळींपैकी एका प्राध्यापकांनी आपल्या खोक्यातून काढून दिला. त्यांच्याकडे १९६८ची डिलाइट आहे, पद्मिनीच्या आधीची फियाट. तिच्यासाठी जमवलेल्या सामानाचं खोकं ते रविवारी बरोबर आणतात आणि ज्याला जे लागेल ते देतात. बदल्यात ते फक्त एवढंच विचारतात, की तुमच्या गाडीची सगळ्यात जुनी आठवण कोणती?

आत्याने त्यांना सांगितलं, की गाडी घरी आली त्या दिवशी आजीने सगळ्यात आधी स्टिअरिंगला हळदकुंकू लावलं आणि मग आत्याच्या कपाळाला. बाईमाणसाने एकटीने गाडी हाकायची यावर घरात बराच वाद झाला होता. आजीने तो तिथे संपवला.

हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करायची : मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने निपल (चाकामागचा हवा सोडायचा छोटा स्क्रू) उघडून बुडबुडे जाऊ द्यायचे, निपल बंद झाल्याचं ओरडून सांगितल्यावरच पेडल सोडायचं. पेडल आत्या दाबत होती. शहात्तराव्या वर्षी सत्तरऐंशी वेळा.

१८ फेब्रुवारी, रविवार

इंजिन चालू झालं.

नीट लिहिते. सकाळी डेल्कोचं, म्हणजे प्लगांना क्रमाने ठिणगी वाटणाऱ्या डब्याचं, झाकण काढलं. आतले पॉइंट, म्हणजे ठिणगीसाठी उघडझाप करणारे संपर्क, काळे पडले होते. बारीक कानशीने दोन्ही तोंडं एकमेकांवर सपाट बसतील एवढीच घासली. रोटर फिरवून पॉइंट पूर्ण उघडलेल्या जागी आणला आणि फिलर गेजने फट ०.४ मिलिमीटरच्या आसपास लावली. गेज घालताना किंचित ओढ लागली पाहिजे, तुपातून चमचा काढताना लागते तेवढी. वायरींचा क्रम १-३-४-२. कॉइल जुनीच, पॉइंटला जोडलेला कंडेन्सर नवा.

चोक ओढला, सेल्फ मारला. चौथ्या प्रयत्नाला एक सिलिंडर बोललं, मग दोन, मग सगळी. निळा धूर इतका झाला की शेडची मागची भिंत दिसेना. ते आम्ही सोडलेलं ऑइल जळत होतं. दहा मिनिटांत धूर विरळ झाला. मिस्त्रींनी लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक ब्लॉकला टेकवलं, मूठ कानाच्या मागच्या हाडाला लावली आणि डोळे मिटले. टॅपेट, टायमिंगची चेन, वॉटर पंप, असं एकेका जागी थांबत गेले. "चेन थोडी ढिली आहे. बाकी तब्येत चांगली."

आत्या मात्र लांब उभी होती, दहा-बारा फुटांवर. म्हणाली, "तिसऱ्यात जरा कमी येतंय." प्लग काढून पाहिला. तिसऱ्या नंबरचा ओला आणि काळा. तिला टॅपेट आणि चेन वेगवेगळे ऐकू येत नाहीत, पण चौतीस वर्षं ऐकलेल्या आवाजात काय कमी आहे ते बरोबर कळतं. प्लग बदलल्यावर चाल सरळ झाली.

२५ फेब्रुवारी

पत्राकाम. चुंबक फडक्यात गुंडाळून सगळ्या अंगावरून फिरवला. जिथे धरत नाही तिथे आत लांबी (खड्डे बुजवायची पुटी) आहे. दोन्ही मागच्या मडगार्डांचा खालचा भाग जवळजवळ पूर्ण लांबीचाच निघाला. जमिनीचा पत्रा ड्रायव्हरच्या बाजूला बोट आरपार जाईल इतका गेलेला. या गाडीला वेगळी चासी (खालचा लोखंडी सांगाडा) नाही, बॉडीवरच सगळा भार, त्यामुळे हा पत्रा दिखाव्यासाठी बदलायचा नसतो. वेल्डिंगवाला पुढच्या आठवड्यात.

१० मार्च, रविवार

पहिली खरी फेरी. टाकी काठोकाठ भरली, कूलंट पाहिला, आत्या शेजारी बसली. स्टिअरिंगखालचा गिअर सवयीचा होईपर्यंत दोनदा तिसरा म्हणून पहिला पडला. मग गाडी लागली रस्त्याला. पन्नासच्या वेगात काच खाली करून बसलं की या गाडीत जो पुढचा विस्तार दिसतो तो मला कुठल्याही नव्या गाडीत दिसलेला नाही. खांब बारीक, काचा मोठ्या, बॉनेटच्या दोन्ही कडा डोळ्यांसमोर.

सतराव्या किलोमीटरला धक्के, मग शांतता.

आत्याने पर्समधून रुमाल काढला, पाण्याच्या बाटलीतून भिजवला आणि माझ्या हातात दिला. "पंपावर टाक. पंधरा मिनिटं थांब." टाकला. पंधरा मिनिटांनी सेल्फ मारला, गाडी चालू. पुन्हा चौदा किलोमीटर गेलो आणि पुन्हा तेच.

पद्मिनी चालवलेल्या कुणालाही विचारा, ओला फडका सगळ्यांना माहीत आहे. पंप इंजिनाला लागून आहे, इंजिन तापलं की पंपातलं आणि नळीतलं पेट्रोल उकळतं, आणि वाफेचे बुडबुडे पंपाला ओढता येत नाहीत. मिस्त्रींना फोन केला. तेही म्हणाले, वाफ. मार्चचं ऊन आहे, होणारच.

१३ मार्च

कामावरून लवकर आले आणि भर दुपारी, अडीच वाजता, एकटीच गाडी घेऊन गेले. टाकी आता निम्मी. बावन्न किलोमीटर, त्यात लांब चढ, पारा रविवारपेक्षा वर. कुठेही थांबली नाही.

हे मला समजलं नाही. उन्हाने वाफ होते तर आज रविवारपेक्षा आधी व्हायला हवी होती.

१७ मार्च, रविवार

मंडळींपुढे प्रश्न ठेवला. पंधरा वर्षं काळी-पिवळी चालवलेले काका म्हणाले, कंडेन्सर. गरम झाला की मरतो, थंड झाला की जिवंत होतो, लक्षण अगदी हेच. त्यांचं म्हणणं उडवण्यासारखं नाही, त्यांच्या हाताखालून एकाच जातीच्या तीन टॅक्सी गेल्या. मुंबईत पद्मिनी टॅक्सीची शेवटची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ला झाली, ताडदेवला. वीस वर्षांची मर्यादा संपली आणि गेल्या ३० ऑक्टोबरपासून ती रस्त्यावरून गेली. त्या दिवसाबद्दल बोलताना काकांनी मध्येच विषय बदलला आणि कंडेन्सरवर परत आले.

म्हणून आज पूर्ण तयारीनिशी निघालो. टाकी भरली, हत्यारं आणि अग्निशामक बरोबर, काका मागे बसले. एकोणिसाव्या किलोमीटरला गाडी थांबली. या वेळी पंपावर फडका टाकायचा नाही असं ठरवलं होतं. आधी प्लग काढून ब्लॉकला टेकवला आणि सेल्फ मारला : ठिणगी निळी, जाड, कडक. काका म्हणाले, "कंडेन्सर नाही, माझं चुकलं." मग कार्ब्युरेटरचं झाकण उचललं. वाटी कोरडी. म्हणजे पेट्रोल पोचत नाही. ते वाफेमुळे की दुसऱ्या कशामुळे, हे कळायच्या आत पंधरा मिनिटं होऊन गेली आणि गाडी चालू झाली.

२० मार्च

रात्री आत्याच्या वह्या घेऊन बसले. "गाडी थांबली, फडका टाकला" अशा नोंदी वेगळ्या कागदावर उतरवल्या. एकतीस निघाल्या. बोरघाटात सहा. उन्हाळ्यात जास्त, पण तीन नोंदी डिसेंबरच्या. मग प्रत्येक नोंदीच्या आधीची नोंद पाहिली, आणि साडेबारा वाजता आत्याला उठवावंसं वाटलं. एकतीसपैकी अठ्ठावीस वेळा त्याच दिवशी किंवा आदल्या संध्याकाळी लिहिलंय : टाकी पूर्ण भरली.

लांबच्या प्रवासाला निघताना टाकी भरायची, आणि लांबच्या प्रवासातच घाट यायचा. म्हणून सगळा दोष घाटाच्या आणि उन्हाच्या माथी गेला.

आणखी एक. १९७८ ते १९८४च्या मेपर्यंत अशी एकही नोंद नाही. पहिली ९ जूनची. त्याच्या आधी तीन आठवडे : "टाकीचं झाकण चोरीस गेलं. कुलूपवालं नवीन बसवलं, दुसऱ्या गाडीचं, बरोबर बसलं."

२४ मार्च, रविवार

टाकी भरून निघालो. अठराव्या किलोमीटरला थांबली. पंपाची बाहेर जाणारी नळी सोडून डब्यात धरली, काकांनी सेल्फ मारला. डब्यात एक थेंब नाही. मग मी मागे गेले आणि टाकीच्या झाकणाचं कुलूप उघडलं.

फुस्स करून हवा आत गेली. तिघांनीही ऐकली. काकांनी सेल्फ मारला आणि डब्यात पेट्रोलची धार आली. इंजिन तसंच तापलेलं, पंपावर फडका नाही, मध्ये एक मिनिटही गेलेलं नाही.

घरी येऊन झाकण दिव्यापुढे धरलं. त्याला हवेचं भोकच नाही. टाकीला हवा मिळण्याची दुसरी वाट आहे का तेही खालून पाहिलं. एक बारीक नळी आहे, पण १९८१च्या झाळकामात तिच्या तोंडात कथील भरलंय. तोवर जुन्या झाकणातून हवा येत होती म्हणून तीन वर्षं काही जाणवलं नाही. कुलपाचं झाकण बसलं आणि उरलेली वाटही बंद झाली.

पुढचं मिस्त्रींनी आणि मी बसून जुळवलं. टाकीतून पेट्रोल जातं तेवढी हवा आत यायला हवी. ती आली नाही की आत ओढ तयार होते आणि पंपाला त्या ओढीविरुद्ध खेचावं लागतं. टाकी ३८ लिटरची. निम्मी असली की वर अठरा-एकोणीस लिटर हवा असते, त्यातून दीड लिटर पेट्रोल गेलं तरी हवा जराशी पसरते, एवढंच. काठोकाठ भरलेल्या टाकीत वर हवाच दोन लिटर. तिथे दीड लिटर गेलं की ओढ जबरदस्त. सतरा किलोमीटरला ही गाडी साधारण तेवढंच पेट्रोल घेते.

आणि फडका? मिस्त्री बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, दाब कमी झाला की पेट्रोल कमी उष्णतेलाही उकळतं. म्हणजे वाफ खरी होती, आणि पंप गार केल्याने खरंच फरक पडत होता. शिवाय त्या पंधरा मिनिटांत झाकणाच्या जुन्या रबरातून थोडी हवा आत झिरपायची. फडक्याचा उपाय बरोबर होता, म्हणून कारण शोधायला चाळीस वर्षं कुणी मागे टाकीपाशी गेलंच नाही. "मी पण नाही गेलो," ते म्हणाले. "बाईंनी विचारलं होतं मला, ८५-८६ साली. मी म्हणालो, ऊन आहे." त्यांना ते लागलं. मी त्यांना वहीतल्या त्यांच्या चाळीस नोंदी वाचून दाखवल्या. त्यांतल्या सदतीस दुरुस्त्या परत कधी निघाल्या नाहीत.

अशी लक्षणं असलेली गाडी कुणाकडे असेल तर गाडी थांबल्या थांबल्या, दुसरं काहीही करायच्या आत, टाकीचं झाकण उघडून कान द्यावा. जवळ सिगारेट-काडी असू नये. हवेचा आवाज आला तर दुखणं तिथेच आहे.

३१ मार्च, रविवार

प्राध्यापकांच्या खोक्यात मूळ झाकण निघालं, हवेच्या भोकाचं. नळीतलं कथील तापवून काढलं आणि टाकी धुतली. या कामाआधी टाकी उतरवून पूर्ण रिकामी केली, पाण्याने भरून काढली, दोन दिवस उघडी वाळवली आणि मगच झाळवाल्याकडे नेली. रिकाम्या टाकीतली पेट्रोलची वाफ भरलेल्या टाकीपेक्षा घातक असते. इथे घाई करू नये.

टाकी काठोकाठ. दुपारी एकला निघालो. आज स्टिअरिंगवर आत्या. सतरा किलोमीटर गेले, वीस गेले. तीसला तिने आरशात मागे पाहिलं. चौसष्ट किलोमीटर, एकदाही न थांबता.

परत आल्यावर ती गाडीतून उतरली नाही. हात स्टिअरिंगवरच होते. म्हणाली, "आईला पंढरपूरला न्यायचं होतं. ती दरवर्षी विचारायची. मी म्हणायचे, उन्हात गाडी बंद पडते, तुला रस्त्यात कुठे बसवू." मी काही बोलले नाही. जरा वेळाने तिने तिसरी वही मागितली. डिसेंबर २०१२च्या नोंदीखाली एक ओळ सोडून तिने लिहिलं :

"३१-३-२०२४. ६४ कि.मी. टाकीचं झाकण बदललं. आधीच्याला भोक नव्हतं."

मग विचारलं, पुढे काय काय राहिलंय. टायमिंगची चेन, डावीकडचा किंगपिन (पुढचं चाक ज्यावर वळतं तो खिळा) हलतोय, मागच्या पाट्यांचे बुश, वेल्डिंगला प्रायमर. नोंदणीचं नूतनीकरण. तिने ते सगळं खाली क्रमाने उतरवलं, आणि किंगपिनच्या पुढे कंसात लिहिलं : आषाढीच्या आधी.